गंडगाई : मरंबिजीकाठचं गाव

श्रोतेहो, नमस्कार.

सिडनीहून मेलबर्नला ह्यूम हायवेनं जाणारी मराठी कुटुंबं आपल्यात पुष्कळ आहेत. सिडनी सोडल्यावर चारेक तासांनी गंडगाईचा फाटा लागतो. बहुतेक जण महामार्गालगतच्या कुत्र्याच्या पुतळ्यापाशी फोटो काढतात आणि पुढे निघतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, गाडी गावात वळवा.

टेकड्यांवर मेंढरं, नदीकाठच्या काळ्या सपाटीवर लसूणघास आणि गुरं, असं हे शेतकऱ्यांचं गाव. ही भूमी मूळनिवासी विराजुरी लोकांची. गोऱ्या वसाहतकारांनी मरंबिजी नदीच्या अगदी पूरपट्ट्यात घरं बांधली. इथे राहू नका, पाणी चढतं, असं विराजुरींनी त्यांना बजावलं होतं. कुणी ऐकलं नाही.

24 जून 1852. ऐन हिवाळ्यातली रात्र. नदी फुगली आणि गाव पाण्याखाली गेलं. माणसं छपरांवर चढली. छपरं वाहून गेली तशी झाडांना बिलगून बसली. अडीचशेच्या वस्तीतले निदान 78 जीव गेले. त्या काळोखात यारी नावाचा विराजुरी माणूस आपली होडी घेऊन पाण्यात उतरला. होडी म्हणजे काय, तर झाडाची सोललेली एक लांब साल, दोन्ही टोकांना वळवून बांधलेली. तिच्यात एका खेपेला जेमतेम एकच माणूस मावायचा. वाहत्या ओंडक्यांतून वाट काढत यारी एकेकाला काठाला आणत राहिला. जॅकी जॅकी या त्याच्या सोबत्यानंही मोठ्या नावेतून अनेकांना वाचवलं. अन्य विराजुरीही मदतीला होते. या सगळ्यांनी मिळून सुमारे 69 माणसं वाचवली, म्हणजे गावाचा चौथा हिस्सा!

त्यानंतर गाव वर, माउंट पार्नासस टेकडीच्या उतारावर सरकलं. यारी आणि जॅकीला गळ्यात घालायचे धातूचे बिल्ले मिळाले. एवढ्या उपकाराची ती फेड मला फार तोकडी वाटते. शेरिडन स्ट्रीटवर त्यांचं ब्राँझचं शिल्प उभं राहिलं ते 2017 साली, तब्बल 165 वर्षांनी. गंडगाईत एकच गोष्ट बघायला वेळ असेल, तर हे शिल्प बघा.

पूरपट्टा किती रुंद आहे, हे जुन्या लाकडी रेल्वेपुलाकडे पाहून कळतं. नदीचं पात्र लहानसं, पण पूल गवताळ सपाटीवरून लांबच लांब गेलेला. आता त्यावर चढता येत नाही, लांबूनच बघायचा. शेजारचा रस्त्याचा लाकडी पूल धोकादायक झाल्यानं 2021 मध्ये पाडला, याची हळहळ वाटते.

आणि तो कुत्रा? बैलगाडीवानांच्या शिदोरीच्या पेटीवर राखण करणारा तो इमानी कुत्रा लोकगीतांतून आला. 1932 मध्ये पंतप्रधान जोसेफ लायन्स यांनी पुतळ्याचं अनावरण केलं. घडवणारे फ्रँक रस्कोनी गावचेच संगमरवर कारागीर. त्यांचं खरं काम मात्र पर्यटक माहिती केंद्रात आहे: न्यू साउथ वेल्सच्या संगमरवराचे 20,948 तुकडे जोडून केलेली महालाची छोटी प्रतिकृती. रोजचं काम सांभाळून 28 वर्षं ते ती घडवत होते. तिचे खांब आणि कमानी अगदी जवळून पाहा, मुलांनाही दाखवा.

नमस्कार.