मामाचं काय झालं होतं, ते आधी विचारा

यावल-रावेरहून आलेल्या आशाताई, आणि लेकरं मांडीवर घेऊन बसलेले मायबाप,

माझ्याकडे एक माय दर महिन्याला यायची. "डॉक्टर, मना पोऱ्या आंगच धरत नही," म्हणायची. पोरगं सहा महिन्यांपर्यंत चांगलं गुटगुटीत होतं. मग कान वाहायला लागला, मग न्यूमोनिया, पुन्हा कान, पुन्हा न्यूमोनिया. दर वेळी मी औषध लिहून दिलं आणि दर वेळी ते तेवढ्यापुरतं बरं झालं. चौथ्या न्यूमोनियाला ती आपणहून बोलली, की तिचा एक भाऊही असाच तान्हेपणी गेला. हे मी तिला पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. विचारलं नाही, त्यात त्या पोराचं वर्ष गेलं. ती चूक मला अजून बोचते, म्हणून आज जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांबद्दल बोलायला तुमच्यासमोर उभा आहे.

सहाच महिने का बरं तो ठीक राहिला? आईच्या अँटीबॉडीज, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, नाळेतून बाळाला मिळतात. ती आईची शिदोरी. काही महिने पुरते आणि संपते. पुढचं बाळाने स्वतः रांधायचं असतं. या पोराच्या रक्तात या अँटीबॉडीज रांधणाऱ्या 'बी' नावाच्या पांढऱ्या पेशीच नव्हत्या. १९५२ साली ऑग्डेन ब्रूटन या लष्करी डॉक्टरांनी अमेरिकेत असाच आठ वर्षांचा मुलगा पाहिला. त्याच्या रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघितली, तर गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे ज्यात अँटीबॉडीज असतात तो भाग, सापडेच ना. त्यांनी ते बाहेरून टोचून दिलं आणि मुलाची आजारपणं आटोक्यात आली. आजही उपचार त्याच वाटेचा आहे : दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीज, शिरेतून द्यायचं, वजनाच्या किलोमागे साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम. मूल वाढलं की बाटल्याही वाढतात. घरच्यांनी ही तयारी आधीपासून ठेवावी.

हा झाला एक आजार. जन्मजात प्रतिकारशक्तीचे असे चारशेहून अधिक आजार आता माहीत आहेत. आपल्याकडे वारंवार आजारी पडणारं प्रत्येक मूल त्यातलं नसतं. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरची कितीतरी लेकरं कुपोषणामुळे आजारी पडतात, त्यांना आधी पोटभर जेवण हवं. पण वर्षात दोनदा न्यूमोनिया, खोलवर होणारे गळू, वर्षाच्या पुढेही न हटणारा तोंडातला पांढरा थर, घरात आधी दगावलेलं बाळ, यातलं काही दिसलं तर थांबू नका. 'इम्युनिटी वाढवणारी' टॉनिकं तर मुळीच घेऊ नका. जी पेशी जन्मापासून तयारच होत नाही, ती काढ्याने कशी येणार?

पहिला धागा कधी कधी साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीतच सापडतो. एकूण पांढऱ्या पेशी ६०००, त्यात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) २० टक्के, म्हणजे झाले १२००. मोठ्या माणसाला हे चालून जातं. दोन महिन्यांच्या बाळाला हा आकडा फार कमी आहे. ३००० च्या खाली असेल तर संशय घ्यायलाच हवा. लॅबच्या कागदावर बरेचदा मोठ्यांचीच मर्यादा छापलेली असते, म्हणून हिशोब आपण करायचा. 'स्किड' नावाच्या, प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या सर्वांत गंभीर आजाराची खूण इथेच दिसते. अशा बाळाला जन्मतः दिलेली बीसीजीची लसच अंगभर पसरू शकते. बाकी लेकरांना ती लस हवीच, त्यात शंका नको. प्रश्न फक्त ज्या घरात आधी बाळं गेली आहेत, त्या घरांचा.

अजून एक आजार आपल्या शेतीवाल्या घरांशी थेट भिडतो. त्याला सीजीडी म्हणतात. यात पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात, पण मारू शकत नाहीत. या मुलाला बुरशीची फार भीती. केळीचा कुजका पाला, ओला भुसा, उकिरडा उपसणं यापासून त्याला लांब ठेवा. बापाला वाटतं, पोरगं बांधावर खेळलं तर बिघडलं कुठे? एरवी खरंच काही बिघडत नाही. याच्या फुप्फुसात मात्र ती बुरशी घर करते. बुरशीविरुद्धचं आणि जंतूविरुद्धचं औषध रोज, न चुकता द्यावं लागतं.

तपासण्यांसाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात नेमलेल्या केंद्रांमध्ये केईएमही आहे आणि त्या धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. स्किड, सीजीडी यांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण त्यात बसतं. भुसावळहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी पोहोचता येतं. जाताना जुने सगळे कागद न्या, आणि एका वहीत तारखेनिशी प्रत्येक ताप, प्रत्येक औषध लिहून ठेवा.

आता सासूबाईंशी बोलतो. यातले काही आजार आईकडून मुलाकडे येतात. आई स्वतः ठणठणीत असते, तिला काही ठाऊकही नसतं. कधी तर दोष त्या बाळातच नव्याने तयार झालेला असतो. "तुझ्या माहेरचं खोटं रक्त" हे वाक्य मी दवाखान्यात ऐकलंय. कृपा करून ते पुन्हा कोणी उच्चारू नका. माहेरची माहिती हवी असते ती पुढचं बाळ वाचवण्यासाठी.

त्या माऊलीचं पोरगं आता शाळेत जातं. तिची धाकटी बहीण सातव्या महिन्यात आहे. तिच्या कार्डावर आशाताईंनी लाल पेनाने लिहून ठेवलंय : मुलगा झाला तर पोलिओचे थेंब आणि बीसीजी देण्याआधी रक्त तपासायचं, आणि डॉक्टरांना फोन करायचा.