सुरीसाठी पोलाद निवडताना

मंडळी, सुरी घडवायला शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, ‘सगळ्यात भारी पोलाद कोणतं?’ मी त्याला विचारतो, ‘तुमची भट्टी कशी आहे?’ कोळशाची भट्टी, एक ब्लोअर आणि तापमान ओळखायला स्वतःचे डोळे, एवढंच हाताशी असेल तर त्यात ज्याला नीट पाणी देता येईल, म्हणजे लाल तापवून झटकन विझवून कडक करता येईल, तेच पोलाद घ्यावं. नाव कितीही मोठं असो, पाणी चुकलं की सुरी वाया गेली.

म्हणून नव्या माणसाला मी १०८४ या क्रमांकाचं साधं कार्बन पोलाद सुचवतो. त्यात कार्बन ०.८ ते ०.९ टक्क्यांच्या आसपास असतो, जोडीला थोडं मँगनीज. एवढ्या प्रमाणात कार्बन असला की पोलाद लाल झाल्यावर तो पटकन विरघळतो, फार वेळ तापवत बसावं लागत नाही. भट्टी सावलीत लावा म्हणजे रंग खरा दिसतो. जवळ लोहचुंबक ठेवा. ७७० अंश सेल्सिअसच्या सुमारास पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. तिथून रंग आणखी थोडा उजळू द्या, ८१५ च्या आसपास, आणि लगेच कोमट तेलात सोडा. पाण्यात बुडवू नका, पातळ पातं तडकतं. तेलातून काढल्यावर धारेवर कानस फिरवा. ती न चावता घसरली तर काम जमलं. पण या अवस्थेत पातं काचेइतकं ठिसूळ असतं, हातातून पडलं तरी तुटेल. त्याच दिवशी २०० अंशांवर दोन-दोन तास, असं दोनदा ओव्हनमध्ये ठेवा. घरचा ओव्हन चालतो, फक्त आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

बेअरिंगचं पोलाद, म्हणजे आपल्या बाजारातलं ईएन ३१, धार टिकवण्यात याच्या पुढे आहे. त्यात १ टक्क्याच्या आसपास कार्बन आणि १ टक्क्याहून जास्त क्रोमियम असतं. पण तो कार्बन क्रोमियमशी जखडलेला असतो. तो सुटायला ८४० अंशांच्या आसपास काही मिनिटं स्थिर तापमान लागतं, आणि कोळशावर नजरेच्या अंदाजाने ते धरून ठेवणं फार कठीण. तापमान दाखवणारी भट्टी आली की जरूर वळा तिकडे.

आपले लोहार पिढ्यान्‌पिढ्या गाडीचा पाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, वापरत आलेत, आणि कोयत्यासाठी ते योग्यच आहे. पाट्यात बहुधा कार्बन ०.५ ते ०.६ टक्के आणि वर सिलिकॉन असतं. उसावर, लाकडावर घाव घालायचा तर चिवटपणाच हवा. कांदा-कोथिंबीर बारीक चिरायची सुरी मात्र पातळ असते, तिला आघात सोसायचा नसतो, धार धरायची असते. शिवाय जुना पाटा वर्षानुवर्षं वाकून थकलेला असतो. आतली बारीक चीर घडवताना कळत नाही, पाणी दिल्यावर उघडते.

भंगार वापरायचंच असेल तर आधी एक तुकडा कापा, लाल करून तेलात विझवा, व्हाइसमध्ये धरून हातोड्याने तोडा. हो, डोळ्यांना चष्मा लावून! तुकडा वाकत राहिला तर त्यात पुरेसा कार्बन नाही. टचकन तुटला तर तुटलेली कड उजेडात धरा. राखाडी, मखमली दिसली आणि दाणा ओळखू येत नसेल तर उत्तम. साखरेसारखे चकाकणारे दाणे दिसले तर तुम्ही जास्त तापवलंत. दुसरा तुकडा घ्या, जरा कमी तापवा आणि पुन्हा तोडून बघा. ही दहा मिनिटं मी कधीच वाचवत नाही. नवी पट्टी घेतली तरी करतो, कारण दुकानात कुठली पट्टी कुठल्या नावाने येईल याची खात्री नसते.

आता गंज. ही सगळी पोलादं गंजतात. चिंच, लिंबू, कोकम लागलं की काळी पडतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर सुरी ओली ठेवली की सकाळी डाग दिसतो. गिऱ्हाइकाला हे विकतानाच सांगा: धुवा, पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. ज्याला हे जमणार नाही त्याच्यासाठी स्टेनलेस आहे. पण त्याला १००० अंशांच्या वर मोजून तापवावं लागतं, ते कोळशाच्या भट्टीचं काम नाही. तेव्हा पट्टी कापून, घासून आकार द्या आणि पाणी द्यायला हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात पाठवा. सुरी चांगलीच होईल. फक्त ती ऐरणीवर घडवलेली आहे असं सांगून विकू नका.