चिऱ्यांच्या भिंतीतलं तांबं

मालवण असो की गुहागर, किनाऱ्यालगतच्या कित्येक घरांत आता इंटरनेटचं फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, पडवीपर्यंत पोचलंय. तिथून आत मात्र कारभार बहुधा तांब्याचाच.

जांभ्याच्या जाड भिंतींपुढे वायफाय लवकर दमतं. म्हणून लॉजवाल्यांनी, कार्यालयांनी कधीकाळी खोल्याखोल्यांतून कॅट-फाइव्ह-ई ही तांब्याची नेटवर्क केबल ओढून ठेवलेली असते. वेग वाढवायचा म्हणून भिंती फोडायच्या का? थांबा जरा.

या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीला पीळ, आणि चारही पीळ वेगवेगळे. बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोन्हींतला फरक तेवढा वाचतं, आणि गोंगाट वजा होतो. युक्ती जुनीच. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनसाठी १८८१ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं.

१९९९ मध्ये याच चार जोड्यांवर सेकंदाला १ गिगाबिट वेगाचं मानक आलं, २००६ मध्ये १० गिगाबिटचं. दहाला पूर्ण १०० मीटर गाठायचे तर वरच्या दर्जाची कॅट-सिक्स-ए केबल हवी. एकाच जोडीवर दोन्हीकडून एकाच वेळी बोलणं चालतं. आपलाच प्रतिध्वनी वजा करत समोरच्याचं ऐकायचं, या आकडेमोडीत चिपा चांगल्याच तापतात. जुन्या वायरिंगवाल्यांची सोय झाली ती २०१६ मध्ये: कॅट-फाइव्ह-ईवरच २.५ गिगाबिट, तेही १०० मीटर. भिंतीला हात लावायचा नाही, दोन्ही टोकांची यंत्रं तेवढी बदलायची. लॉजला एवढं पुष्कळ झालं, असं आमचं मत.

आता खारी हवा. देवघरातल्या तांब्यावर चढतो तसला हिरवट थर प्लगच्या आतही चढतो. एखादी जोडी सुटली की गिगाबिटची लाइन शंभर मेगाबिटवर येऊ शकते, आणि शिव्या बसतात इंटरनेटवाल्याला! टोक कापून नवा प्लग क्रिंप केला, म्हणजे पकडीने दाबून बसवला, की पुष्कळदा काम भागतं. स्वस्तातली केबल घेताना मात्र तार चाकूने खरवडून बघावी. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम; या हवेत ते लवकर खराब होतं, मोडतंही.

आणि मृगाच्या तोंडावरच्या विजा. घरापासून माडांच्या बागेतल्या खोल्यांपर्यंत तांबं ओढलं, तर जवळ वीज पडल्यावर दोन्हीकडचे नेटवर्क स्विच (केबली जोडायच्या पेट्या) जाऊ शकतात. तेवढ्या टप्प्याला फायबरच घालावं, तेही आत धातू नसलेलं. काचेतून वीज वाहत नाही.