पंप थांबला तरी उरणारा दाब

श्रोतेहो, नमस्कार. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात तेल शोधले आणि ‘बॉम्बे हाय’ हे नाव घराघरांत पोहोचले. अशा रिगवर माणसांचे प्राण ज्या यंत्रणेवर अवलंबून असतात, तिच्यातील ॲक्युम्युलेटर, म्हणजे दाब साठवणाऱ्या पोलादी बाटल्या, हा आजचा विषय आहे.

विहीर खोदताना खडकातला वायू किंवा तेल विहिरीत भरलेल्या खोदकामाच्या चिखलाच्या स्तंभाचा दाब झुगारून उसळू लागले, तर विहिरीच्या तोंडावरचा ब्लोआउट प्रिव्हेंटर तत्काळ मिटवावा लागतो. त्याचे अवजड पोलादी रॅम, म्हणजे दोन्ही बाजूंनी येऊन विहीर बंद करणारे ठोकळे, द्रवाच्या दाबाने सरकतात. जमिनीवरच्या आणि जॅक-अप (समुद्रतळावर पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या) रिगवर ते ३० सेकंदांत मिटावेत, असा निकष आहे. एवढ्या वेळात पुरेसा द्रव एकट्या पंपाला पुरवता येत नाही. शिवाय नेमक्या त्याच क्षणी वीज गेलेली असू शकते.

द्रव जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. वायू मात्र दबतो. म्हणून बाटलीतल्या रबरी पिशवीत आधी १००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाने नायट्रोजन भरतात. हवा किंवा ऑक्सिजन कधीच भरत नाहीत, कारण दाबाखाली तेलाशी गाठ पडल्यास स्फोट होऊ शकतो. मग पंप बाटलीत द्रव ढकलून दाब ३००० पीएसआयपर्यंत नेतो. ड्रिलरने पॅनेलवरचा व्हॉल्व्ह फिरवला की आकसलेला नायट्रोजन पसरतो आणि द्रवाला रॅमकडे लोटतो.

ढोबळ हिशेब पाहा. वायूला ३८ लिटर जागा असलेल्या बाटलीतून दाब ३००० वरून १२०० पर्यंत उतरेतो सुमारे १९ लिटर द्रव मिळतो. नायट्रोजन गळून मूळ भरणा ५०० वर आला असेल, तर त्याच बाटलीतून जेमतेम साडेनऊ लिटर निघेल. पण पंप चालू असेपर्यंत दाबमापकावर ३००० हाच आकडा दिसत राहील! या यंत्रणेतला सर्वांत मोठा धोका माझ्या मते हाच आहे.

ब्लोआउट प्रिव्हेंटर खोल समुद्रतळावर असेल, तर तिथल्या पाण्याचा दाब मूळ भरण्यात धरावा लागतो. १५०० मीटर खोलीवर तो २२०० पीएसआयच्या आसपास असतो.

म्हणून बाटल्यांतला द्रव टाकीत परत सोडून प्रत्येक बाटलीतला नायट्रोजन स्वतंत्र मापकाने मोजावाच लागतो. याखेरीज पंप बंद ठेवून ॲन्युलर (पाइपभोवती आवळले जाणारे प्रिव्हेंटरचे रबरी कडे) आणि रॅम मिटवून पाहतात. हे सारे मिटल्यावरही दाब १२०० पीएसआयच्या खाली जाता कामा नये. खोदकामाचे वेळापत्रक कितीही तातडीचे असले, तरी ही चाचणी पंप चालू ठेवून उरकू नये, कारण तशा चाचणीत बाटल्यांची परीक्षा होतच नाही.