नवी गाडी रुळावर येते तेव्हा

[दृश्य: संध्याकाळ. फलाटावर दाटलेली गर्दी. फलकावर एकेक गाडी ‘रद्द’ होत जाते.]

9 ऑगस्ट 2019, शुक्रवार. संध्याकाळचे पाच वाजत आलेत. लंडनमध्ये ऑफिसं सुटायची वेळ. तिथून दूर एका उच्चदाबाच्या वाहिनीवर वीज कोसळते आणि पाठोपाठ समुद्रातलं एक पवनऊर्जा केंद्र आणि गॅसवर चालणारं एक वीजकेंद्र, दोन्ही वीजपुरवठ्याच्या जाळ्यातून गळतात. पुरवठ्याची वारंवारता, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती आवर्तनं करतो ते, 50 हर्ट्झ असायला हवी, ती 48.8 पर्यंत घसरते. पाच मिनिटांच्या आत ती पुन्हा जागेवर येते. पाऊण तासात घराघरांतली वीजही परतते.

उपनगरी गाड्या मात्र सुरू होत नाहीत.

लंडनच्या आरपार धावणाऱ्या, काही वर्षांपूर्वीच आलेल्या नव्या कोऱ्या गाड्यांपैकी साठच्या आसपास गाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. त्याच विजेवर चालणाऱ्या इतर बनावटीच्या गाड्यांना धक्काही लागला नाही. थांबलेल्यांपैकी साधारण निम्म्या गाड्या चालकांनी स्वतः पुन्हा सुरू केल्या. उरलेल्या निम्म्यांच्या चालकांनी जंग जंग पछाडलं, पण पडद्यावर एकच उत्तर: तंत्रज्ञ बोलवा. म्हणजे कोणीतरी लॅपटॉप घेऊन, कोंडलेल्या रुळांमधून वाट काढत, प्रत्येक गाडीपर्यंत पोहोचायचं. दोन स्थानकांच्या मध्ये अडकलेल्या डब्यांतून प्रवाशांना खाली उतरवावं लागलं. किंग्ज क्रॉससारखं मोठं स्थानक काही तास बंद राहिलं.

चौकशीत निघालं ते असं. वारंवारता 48.5 पर्यंत उतरली तरी गाडीने काही काळ तग धरायचा, असं ठरलेलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये मात्र 49 ला बंद होण्याची आज्ञा होती. आणि ज्या गाड्यांत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली होती, त्यांत गाडी पुन्हा चालू करण्याची चालकाच्या हातातली सोय उरलेली नव्हती. जुनी आवृत्ती असलेल्या गाड्या चालकाने चालू केल्या. अद्ययावत गाड्या तंत्रज्ञाची वाट बघत उभ्या राहिल्या.

ही घटना आधी सांगितली, कारण नव्या गाड्यांचं दुखणं नेमकं कुठे असतं ते तिच्यात दिसतं. मोटर, चाकं, ब्रेक, सगळं ठणठणीत होतं. गाडी आणि वीजपुरवठा, गाडी आणि चालक यांच्या सांध्यावर चूक होती. असे सांधे कारखान्यात तपासायला मिळत नाहीत. तिथे एकटी गाडीच असते.

[दृश्य: कारशेड. डब्याच्या दाराचं जवळून चित्रण. पाती सरकतात, मिटतात.]

आता एक साधं दार बघू. बारा डब्यांची गाडी, प्रत्येक डब्याला एका बाजूला चार दारं. म्हणजे एका बाजूची झाली 48. प्रत्येक दाराच्या वरच्या पेटीत एक छोटी मोटर, एक पट्टा किंवा स्क्रू आणि दार पूर्ण मिटलं की दाबला जाणारा एक स्विच. हे सगळे स्विच एकाच साखळीत ओवलेले. सगळे दाबले गेले तरच चालकासमोर ‘दारं बंद’चा दिवा लागतो आणि तरच गाडी ओढणाऱ्या मोटरला वीज मिळते. 47 दारं मिटली आणि एकाच्या फटीत बॅगेचा पट्टा राहिला, तर गाडी हलणार नाही. हलूही नये. या कडक नियमाबद्दल माझी तक्रार नाही. उघड्या दाराने कितीतरी जीव घेतलेत.

पण गाडी खऱ्या गर्दीत शिरली की काय होतं बघा. कारखान्यात रिकाम्या डब्यात दार हजारो वेळा उघडून-मिटून बघितलेलं असतं. गर्दीच्या वेळी आतली माणसं दाराला रेलतात. पातं किंचित फुगतं. डबा भाराने थोडा दबतो. स्विच आणि पात्याची गाठ एखाद्या मिलिमीटरने हुकते. दार डोळ्यांना मिटलेलं दिसतं. संगणकाच्या लेखी ते उघडं असतं. मग चालक दारं उघडतो, पुन्हा मिटतो. तेवढ्या संधीत आणखी चार जण आत घुसतात, नि दाराला आणखी रेटा. शेवटी कोणीतरी त्या डब्यापर्यंत जाऊन ते एक दार किल्लीने बंद करून साखळीतून वगळायचं. रिकाम्या गाडीत हे दोन मिनिटांचं काम. खच्चून भरलेल्या गाडीत त्या दारापर्यंत पोहोचायचं कसं? मागे तोवर तीन गाड्या सिग्नलला उभ्या.

चाचणीत प्रवाशांऐवजी वाळूच्या गोण्या ठेवतात. वजनासाठी ते बरोबरच आहे. स्प्रिंग किती दबते, ब्रेक किती अंतरात लागतो हे गोणी सांगते. पण गोणी दाराला रेटा देत नाही. गोणी श्वास सोडत नाही, त्यामुळे बंद डब्यातली हवा किती कोंदट होते ते कळत नाही. सुटत्या गाडीत गोणी उडी मारून शिरतही नाही. म्हणून नव्या गाडीची शेवटची चाचणी, कोणी कबूल करो वा न करो, तिकीट काढलेल्या माणसांवरच होते.

यंत्रांच्या बिघाडांचा आलेख बाथटबच्या आकाराचा येतो, असं अभियंते सांगतात. सुरुवातीला उंच, मग बराच काळ सपाट, आणि म्हातारपणी पुन्हा वर. सुरुवातीचा चढ कशाने? कुठे जोडणी सैल राहिलेली, कुठे पुरवठादाराची एखादी खेप कच्ची, कुठे सेन्सर इतका हळवा की धुळीच्या कणालाही दचकावा. हे दोष गाडी धावल्याशिवाय वर येत नाहीत. म्हणूनच अनेक ठिकाणी अट असते की ठरावीक अंतर गाडी बिनबिघाड धावली पाहिजे. तोवर ती ताब्यात घ्यायची नाही. अट चांगली आहे. पण कारखान्यातून गाड्या उशिरा आल्या आणि उद्घाटनाची तारीख पुढे सरकली नाही, तर मधला जो काळ खाल्ला जातो तो चाचण्यांचाच. वर्दळीच्या मार्गावर चाचणीला वेळ मिळतो तो रात्रीची शेवटची गाडी ते पहाटेची पहिली गाडी एवढाच. त्यातूनच रुळांची डागडुजीही उरकायची.

[दृश्य: जुना दगडी बोगदा. गाडीचं छत आणि कमानीतली फट.]

काही चुका मात्र गाडी बनण्याच्या आधीच झालेल्या असतात. स्पेनमध्ये 2020 साली कान्ताब्रिया आणि अस्तुरियास या उत्तरेकडच्या भागांसाठी 31 गाड्या मागवल्या, 25 कोटी 80 लाख युरोंच्या. तिथले अरुंद रुळांचे मार्ग एकोणिसाव्या शतकातले आणि बोगदे एकासारखा एक नाही. दिलेल्या मापांनी गाड्या बांधल्या असत्या तर काही बोगद्यांत शिरल्याच नसत्या. 2021 मध्ये गाडी बनवणाऱ्या कंपनीच्याच हे लक्षात आलं. एकही गाडी तोवर बांधलेली नव्हती, म्हणून पैसा वाचला. वर्षं मात्र गेली. 2023 च्या फेब्रुवारीत प्रकरण चव्हाट्यावर आलं, तेव्हा रेल्वे कंपनीचे अध्यक्ष आणि वाहतूक खात्याच्या सचिव यांना पदं सोडावी लागली. शेवटी तोडगा काढला तो असा: आज त्या बोगद्यांतून जी गाडी बिनधोक जाते, तिचीच मापं प्रमाण धरायची.

त्याआधी 2014 मध्ये फ्रान्समध्ये उलटं झालं. गाड्या तयार झाल्या आणि मग कळलं की सुमारे 1300 फलाटांच्या कडा तासल्याशिवाय त्या तिथे उभ्या राहू शकत नाहीत. मापं दिली होती ती गेल्या तीस वर्षांतल्या फलाटांची. त्याहून जुने फलाट कोणी मोजलेच नव्हते. खर्च 5 कोटी युरो.

मुंबईची पहिली वातानुकूलित लोकलही अशीच अडली. चेन्नईच्या कारखान्यातून ती एप्रिल 2016 मध्ये आली, मध्य रेल्वेसाठी. तिची उंची नेहमीच्या लोकलपेक्षा जास्त निघाली आणि मध्य रेल्वेच्या मार्गावरचे जुने पूल सखल. चाचण्या झाल्या, चर्चा झाल्या, गाडी पश्चिम रेल्वेकडे गेली आणि 25 डिसेंबर 2017 रोजी बोरिवलीहून प्रवासी घेऊन निघाली. गाडी शहरात आल्यापासून दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

तिच्यापुढचा खरा पेच उंचीचा नव्हता. उपनगरी वेळापत्रकात थांबा सेकंदांत मोजतात. उघड्या दारांच्या लोकलमध्ये माणसं लटकून का होईना, गाडी सुटते. मिटणाऱ्या दारांच्या गाडीला शेवटचा माणूस आत येईपर्यंत थांबावं लागतं. शिवाय वेळापत्रकात जागा नसल्याने वातानुकूलित फेरी येते ती साध्या फेरीच्या जागी. ऑगस्ट 2022 मध्ये कळवा, बदलापूर इथे प्रवासी याच कारणाने संतापले आणि मध्य रेल्वेला नव्याने सुरू केलेल्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या संतापाला ‘नव्याला विरोध’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याच्याकडे साधा पास आहे, त्याची रोजची एक गाडी गेली होती.

विजेच्या बाजूने एकच गोष्ट सांगतो. आधुनिक गाडी तारेतून वीज घेता घेता स्वतःही तारेत लहरी सोडते. एकटी असते तेव्हा काही बिघडत नाही. 1995 मध्ये झ्युरिक परिसरात अशी बरीच आधुनिक इंजिनं एकाच वेळी तारेखाली आली, त्यांच्यातल्या स्वयंचलित नियंत्रण यंत्रणांचा आपापसांत मेळ बसेना आणि इंजिनांनी स्वतःला बंद करून घेतलं. एकेक इंजिन तपासून हे सापडलं नसतं.

[दृश्य: रिकाम्या नव्या गाड्यांची रांग. कोणी चढत नाही, उतरत नाही.]

माणसांचा सांधा तर सगळ्यात अवघड. सिडनीच्या लांब पल्ल्याच्या उपनगरी मार्गांसाठीची पहिली नवी गाडी डिसेंबर 2019 मध्ये आली. तिच्या रचनेत चालकाने पडद्यावर कॅमेऱ्यांतून फलाट बघायचा होता आणि गार्डचं काम बदलणार होतं. कर्मचारी संघटनांचं म्हणणं होतं की गाडी फलाट सोडत असताना गार्डला फलाटावर नजर ठेवता आली पाहिजे. वाद चिघळला, गाड्या उभ्या राहिल्या. अखेर गाड्यांत बदल करायचं ठरलं आणि प्रवाशांना घेऊन पहिली गाडी निघाली ती 3 डिसेंबर 2024 रोजी. पाच वर्षं. गार्डने उभं कुठे राहायचं हे चित्र कागदावर असतानाच गार्डांना विचारलं असतं, तर इतकी वर्षं लागली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं मांडलं, त्याकडे येतो. बिघाड होणारच. प्रवाशाला त्याचा किती त्रास होईल हे मात्र दुसऱ्याच एका निर्णयावर ठरतं: जुन्या गाड्या कधी काढायच्या.

वॉशिंग्टनच्या मेट्रोत 12 ऑक्टोबर 2021 रोजी एक गाडी रुळावरून घसरली. तपासात दिसलं की ती गाडी ज्या मालिकेतली, म्हणजे ज्या एका बनावटीच्या डब्यांची होती, त्यांतल्या काही डब्यांची चाकं आसावर बाहेरच्या बाजूला सरकत होती. मालिका 2015 पासून धावत होती, म्हणजे दोष पहिल्याच वर्षी दिसतात असंही नाही. सगळे 748 डबे बाजूला काढले. ताफ्याचा हा जवळजवळ 60 टक्के भाग. जुने डबे आधीच मोडीत गेलेले. त्यांतल्या सर्वांत जुन्या मालिकेला काढण्याचं कारण रास्तही होतं: 2009 च्या भीषण अपघातानंतर ते डबे असुरक्षित ठरले होते. परिणाम असा की एका मार्गावर पंधरा मिनिटांनी आणि बाकीच्या मार्गांवर अर्ध्या तासाने गाडी.

लंडनच्या गॉस्पेल ओक ते बार्किंग या मार्गाला मात्र असं कुठलंच कारण नव्हतं. तिथे दोन डब्यांच्या आठ डिझेल गाड्या व्यवस्थित धावत होत्या, भाड्याने घेतलेल्या. मार्गाचं विद्युतीकरण झालं, चार डब्यांच्या नव्या गाड्या 2018 च्या वसंतात येणार म्हणून जाहीर झालं आणि जुन्या गाड्या दुसऱ्या कंपनीला देण्याचा करार झाला. नव्या गाड्या बांधून झाल्या, पण सॉफ्टवेअर काही केल्या स्थिर होईना. महिने उलटत गेले. करार मात्र ठरलेला. डिझेल गाड्या एकेक करून निघून गेल्या. वेळ मारून नेण्यासाठी दुसऱ्या मार्गावरच्या पाच डब्यांच्या तीन विजेच्या गाड्या आणल्या आणि प्रत्येकीचा एक डबा काढून त्या चार डब्यांच्या केल्या. त्यावर दर पंधरा मिनिटांची सेवा भागेना. मार्च 2019 पासून अर्ध्या तासाला एक गाडी सुटू लागली.

पहिली नवी गाडी 23 मे 2019 रोजी धावली. सप्टेंबरमध्ये त्या मार्गावर महिनाभर प्रवास मोफत ठेवला, भरपाई म्हणून. भरपाई दिली हे चांगलंच झालं. पण आठ छोट्या गाड्यांचं आणखी काही महिन्यांचं भाडं आणि इतक्या माणसांचे रोजचे वाया गेलेले अर्धे तास, यांचा हिशेब करारावर सही करताना मांडायला हवा होता. नव्या गाड्यांची घोषणा करणाऱ्या प्रत्येक रेल्वेने उद्घाटनाच्या तारखेसोबत हेही जाहीर करावं: जुनी गाडी कोणत्या दिवशी जाणार, आणि नवी गाडी किती किलोमीटर बिनबिघाड धावल्यावर जाणार.