सर्क्युलर सॉ मागे का उसळतो, आणि तो उसळू नये म्हणून काय करायचं

नमस्कार मंडळी. टेबलावर आहे तो सव्वासात इंची सर्क्युलर सॉ, म्हणजे हातात धरून चालवायची, गोल पात्याची मोटरची करवत. पातं १८४ मिलिमीटरचं, मोकळं फिरताना मिनिटाला साधारण ५,००० फेरे. हिशेब मांडला तर दात्याचं टोक ताशी १७० किलोमीटरच्या वेगाने पळतं.

बोटं सांभाळा, हे सगळेच सांगतात. पण दोन्ही हात दोन मुठींवर असताना बोट पात्यापाशी पोचतच नाही. पोचतं ते एक हात लाकूड धरायला गेला तर, किंवा मशीन उसळून हात सुटला तर. पहिल्यावर उपाय सोपा आहे: लाकूड हाताने किंवा गुडघ्याने धरायचं नाही, क्लॅम्प लावायचा. दुसऱ्यासाठी मात्र मशीन उसळतं का, ते नीट कळायला हवं.

[क्लोज-अप: पातं, फिरण्याच्या दिशेचा बाण]

हा बाण बघा. पुढच्या बाजूचे दाते खालून वर येतात, म्हणजे लाकूड खालून वर कापलं जातं. मागच्या बाजूचे दाते वरून खाली जातात, आणि ते कापलेल्या चिरेतून नुसते जात असतात, त्यांना काम नसतं. पात्याचे दाते पात्याच्या पत्र्यापेक्षा थोडे रुंद असतात, त्यामुळे चिरेत पत्र्याला दोन्ही बाजूंनी केसभर जागा मिळते. ही जागा गेली, चीर मिटली, की मागचे दाते लाकडात रुततात. ते खाली जायला बघतात, लाकूड जागचं हलत नाही, मग मशीनच वर उचललं जातं आणि तुमच्या दिशेने येतं. यालाच किकबॅक म्हणतात. हे इतक्या झटक्यात होतं की ट्रिगर सोडायला वेळ मिळत नाही. म्हणून उभं राहायचं ते रेषेच्या एका बाजूला, रेषेच्या मागे कधीच नाही.

आता चीर मिटते कशी ते दाखवतो.

[क्लोज-अप: फोमचा जाड पट्टा दोन ठोकळ्यांवर, मध्ये वरून अर्ध्यापर्यंत कापलेला, कापात पोस्टकार्ड]

हा फोमचा पट्टा दोन टोकांना टेकवलाय. मध्ये बोटाने दाबतो. खालची बाजू ताणली गेली, वरचा काप मिटला, आणि आतलं पोस्टकार्ड आता ओढूनही निघत नाही. दोन घोड्यांवर, म्हणजे लाकूड टेकवायच्या चौपायी स्टँडवर, फळी टाकून मधोमध कापता, तेव्हा नेमकं हेच होतं. काप पुढे सरकतो तशी फळी कमजोर होते, स्वतःच्या वजनाने मध्ये झोल येतो, आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत पातं चिमट्यात सापडतं.

मग आधार कुठे द्यायचा? लांब फळीचा छोटा तुकडा काढायचा असेल, तर फळी दोन्ही घोड्यांवर, आणि काप घोडीच्या बाहेरच्या बाजूला. तुकडा खाली लोंबतो, चीर उघडते, पातं मोकळं राहतं. तुकडा मोठा आणि जड असेल तर तो शेवटी मोडून पडताना कडेचा लांब ढलपा ओढून नेतो; त्याला खालून सैलसा टेकू द्या, वर उचलून धरू नका. उचलून धरलात की चीर पुन्हा मिटली.

आठ बाय चारच्या प्लायला घोड्यांवर चढवण्याच्या फंदातच पडू नका. जमिनीवर चार पट्ट्या टाका: दोन टोकांजवळ, दोन कापाच्या दोन्ही अंगांना, रेषेपासून दोन-अडीच इंचांवर. किंवा दोन इंची थर्माकोलची शीट अंथरून त्यावर प्लाय आडवा करा. पातं थर्माकोलमध्ये थोडं उतरतं, उतरू द्या. दोन्ही भाग काप संपल्यावरही जागच्या जागी राहतात. एकट्याने काम करणाऱ्यासाठी याहून सोयीचं काही नाही, असं आमचं मत.

कधी आधार बरोबर असूनही चीर मिटते. ओलं लाकूड, वाकडी वाढ झालेलं लाकूड उभं चिरताना आतला ताण सुटतो आणि दोन्ही भाग एकमेकांकडे येतात. आवाज जड व्हायला लागला की ट्रिगर सोडा, पातं थांबू द्या, आणि मागे चिरेत लाकडाची पातळ पाचर घाला. मग पुढे.

आता कापाची खोली, म्हणजे पातं किती खाली उतरवायचं. इथे अंदाज चालत नाही. प्लग काढा, बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढा. खालचा गार्ड, म्हणजे पात्यावरचं मिटतं-उघडतं झाकण, लिव्हरने वर घेऊन पातं लाकडाच्या कडेला लावा.

[क्लोज-अप: १८ मिलिमीटर प्लायच्या कडेला पातं, खाली डोकावणारे दाते]

पातं लाकडाखाली ३ ते ६ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण दात्यापेक्षा थोडं कमीच दिसायला हवं. या १८च्या प्लायला २२ वर ठेवलंय. बरेच जण पातं पूर्ण खाली सोडून तसंच सगळं कापतात. तेव्हा चिरेत पात्याचा मोठा भाग असतो, मिटली तर पकड तेवढीच जास्त, आणि लाकडाखाली काय आहे ते दिसत नसताना दोन इंच पातं उघडं फिरत असतं. खोलीचा स्क्रू बोटांनी नुसता आवळू नका, मशीन हलवून तो सरकत नाही ना ते बघा.

पात्याचं थोडक्यात. लाकूड उभं चिरायला २४ दात्यांचं, सगळ्या कामाला ४०, प्लायची स्वच्छ कड हवी तर ६०. पात्यावर लिहिलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त हवा, आणि मधलं भोक मशीनच्या शाफ्टला तंतोतंत बसणारं. बोल्ट कुठे फिरवायचा याचा गोंधळ होतो: पातं ज्या दिशेने फिरतं त्या दिशेला बोल्ट सुटतो, उलट दिशेला आवळतो. बोथट पात्याला ढकलावं लागतं. कड करपली, जळका वास आला, तर पातं बोथट झालंय किंवा दात्यांवर डिंक साचलाय. जोर वाढवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

दाते वर येताना ढलपे वरच्या बाजूला उडतात, म्हणून प्लायची चांगली बाजू खाली.

कापताना: मशीनच्या पायाचा, म्हणजे लाकडावर टेकून सरकणाऱ्या सपाट पत्र्याचा, रुंद भाग त्या बाजूला, जी टेकलेली राहणार आहे. पडणाऱ्या तुकड्यावर मशीनचं वजन टाकू नका. वायर खांद्यावरून मागे. पायाची पुढची कड लाकडावर टेकवा, पण दाते लाकडाला लागलेले नकोत. ट्रिगर दाबा, पूर्ण वेग येऊ द्या, मग पुढे. सरळ कापासाठी सरळ पट्टी क्लॅम्प करून तिला पाया घासत न्या. पायाच्या कडेपासून पात्यापर्यंतचं अंतर तुमच्या मशीनवर फालतू तुकडा कापूनच मोजा.

रेषेवरून भरकटलात? मनगट पिळून वळवायला जाऊ नका, गोल पातं चिरेत वळत नाही, अडकतं. चालू मशीन मागेही ओढू नका. ट्रिगर सोडा, मशीन जागेवर धरून ठेवा, पातं पूर्ण थांबू द्या. ब्रेक नसलेल्या मशीनमध्ये ते काही सेकंद फिरतच राहतं. मग थोडं मागे घ्या, पातं चिरेत मधोमध आहे, दाते कुठे टेकत नाहीत हे बघा, आणि नव्याने सुरुवात.

चष्मा हवाच, कानाला मफ हवेत, भुशासाठी एन-९५ मास्क हवा. लाकडाचा भुसा कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे. सैल हातमोजे, ओढणी, लोंबती बाही नको.

राहिला खालचा गार्ड.

[क्लोज-अप: गार्ड वर नेऊन सोडणे, झटकन मिटणे]

प्लग काढलेला असताना गार्ड वर न्या आणि सोडा. असा खटकन मिटायला हवा. तिरका काप घेताना तो सुरुवातीला कडेला अडतो. म्हणून काही जण त्यात पाचर मारून तो कायमचा उघडा ठेवतात. तसं करू नका, लिव्हरने तेवढ्यापुरता उचला. गार्ड उघडा असलेलं मशीन खाली ठेवलं आणि पातं अजून फिरत असेल, तर ते मशीन जमिनीवरून धावतं, समोर पाय असो की वायर. मिटायला आळस करत असेल तर आत ढलपी अडकलेली असते. ब्रशने काढा. तेल सोडू नका, तेलाला भुसा चिकटतो आणि गार्ड आणखी जड होतो.