धूर नाही म्हणजे डिझेल नाही

इंदूरच्या चोइथराम मंडीत पहाटे गाडी वेळेवर लागली नाही की त्या दिवसाचं भाडं गेलं समजा, आणि काकांच्या पिकअपचे नखरे नेमके पहाटेच. रात्री बंद करताना एकदम मस्त, सकाळी मात्र बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत बसा, मग मंडीतली दोन पोरं बोलवा, धक्का मारा. एकदा चालू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फमध्ये स्टार्ट, काही त्रासच नाही.

कोणीतरी सांगितलं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) गेलंय, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, हाफ इंजिन करून टाका, म्हणजे इंजिन उघडून रिंगा वगैरे बदला. आता हाफ इंजिन म्हणजे पैसे तर आहेतच, वर गाडी उभी, भाडं बंद. काका गाडी घेऊन आले ट्रान्सपोर्ट नगरला, आमच्या मेकॅनिक उस्तादांकडे.

उस्तादांनी आधी बोनेटला हातच लावला नाही. गाडी रात्रभर तिथेच ठेवून घेतली आणि सकाळी म्हणाले, "काका, तुम्ही सेल्फ मारा, मी मागे उभा राहतो." मागे म्हणजे सायलेन्सरपाशी. सेल्फ फिरतोय, फिरतोय, धूर काहीच नाही.

इथेच अर्धा निकाल लागला. डिझेल इंजिनला स्पार्क नसतो, आतली हवा सतरा-अठरा पट दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. कॉम्प्रेशन कमी असतं तर डिझेल आत गेलं असतं पण नीट जळलं नसतं, आणि मागून पांढरा धूर आला असता. धूरच नाही म्हणजे डिझेल वरपर्यंत पोचतच नाहीये, मग इंजिन कशाला उघडायचं?

ही जुनी गाडी आहे, मेकॅनिकल पंपवाली, कॉम्प्युटर-सेन्सर काही नाही. टाकीतून फीड पंप डिझेल ओढतो, ते फिल्टरमधून मोठ्या पंपात जातं (जुने लोक त्याला अजूनही मायकोचा पंप म्हणतात, कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी), आणि तिथून बारीक लोखंडी पाइपांनी नोझलला, जे सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं. उस्तादांनी टाकी आणि फीड पंपाच्या मधे पारदर्शक प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा जोडला, हँड पंप (लाइनमध्ये हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) मारून कशीबशी गाडी चालू केली आणि आम्हाला म्हणाले, बघा आत. पिवळसर डिझेल वाहतंय आणि त्यात बारीक बारीक बुडबुडे, एकामागे एक, थांबतच नाहीत.

गाडी हवा घेत होती. काका म्हणाले, "अहो पण खाली डिझेलचा एक थेंब पडत नाही, मग पाइप फुटलाय कसा?" बरोबर आहे, इथेच सगळे फसतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढणारा आहे, तिथे फट असली तर बहुतेक वेळा डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. रात्रभर त्या फटीतून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल उतरून टाकीत परत जातं, सकाळी पंप नुसती हवा ओढतो. दिवसभर लाइन भरलेली राहते म्हणून त्रास नाही.

फट सापडली केबिनखाली, लोखंडी पाइप जिथे रबरी पाइपला जोडलाय तिथे. वरून रबर चांगलं दिसत होतं. उस्तादांनी ते बोटाने वाकवलं आणि क्लिपच्या कडेला सुरकुत्यांसारख्या चिरा उघडल्या. क्लिप इतकी आवळलेली की रबरात रुतली होती. एवढासा तुकडा, आणि निघाले होते हाफ इंजिन करायला!

नवा पाइप घातला, डिझेलचाच, पाण्याचा पाइप घातला तर डिझेल त्याला फुगवून मऊ करतं. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड पंप मारायचा, आधी फेस येतो, फसफस आवाज करत, मग अधूनमधून बुडबुडा, आणि मग सलग स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. हँड पंप अंगठ्याला कडक लागायला लागला की झालं.

गाडी स्टार्ट झाली पण आवाजात लंगडेपणा होता, एक सिलिंडर मिस मारतोय. उस्ताद चालू इंजिनवर फडकं धरून एकेका नोझलचा नट थोडा सैल करत गेले. पहिला सैल केला, इंजिन आणखी लंगडलं, म्हणजे तो काम करतोय. तिसऱ्याला काही फरकच पडला नाही. सापडला चोर. (हे घरी करू नका, या इंजिनात नोझल दोनशे बारच्या आसपासच्या दाबाला उघडतं, ती फवार हाताला लागली तर कातडी भेदून आत जाते, आणि मग थेट हॉस्पिटल.) नोझल टेस्टिंग मशीनवर लावलं तर धुक्यासारखी फवार यायला पाहिजे ती पिचकारीसारखी येत होती आणि टोकाला थेंब लटकत होता. नवी टिप, नवं तांब्याचं वॉशर, जुनं वॉशर परत वापरायचं नाही.

एअर फिल्टर मात्र काकांनी स्वतःच काढून दाखवला, मंडीची सगळी धूळ त्यात. मानपूर घाटात कांदे भरून गाडी काळा धूर सोडते ते याच्यामुळेही असू शकतं, हवा कमी आणि डिझेल जास्त. तो बदलला. डिझेल फिल्टरखालचं पाणी काढलं, पावसाळ्यात ते वरचेवर काढायला पाहिजे.

गिअरबॉक्सच्या पुढे ऑइल झिरपतंय, ते तसंच ठेवलंय. ते ऑइल अडवणारं सील फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या टोकाच्या जड चाकाच्या) मागे, गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. क्लच प्लेट बदलायची वेळ आलीच आहे, तेव्हा एकाच मजुरीत करू असं ठरलं. तोपर्यंत काका रोज ऑइलची पट्टी काढून बघणार.